सातव्या पेटीची राणी

३० जुलै १९९६

रौशान पोरी,

तू सेमेयला नीट पोचलीस हे बसवाल्याकडून कळलं. त्यालाच हे पत्र देतोय. पोस्टानं पाठवलं तर तुझ्या हाती पडेपर्यंत इथं बर्फ पडेल.

फाटकाशी तू म्हणालीस, "झैनोल्ला आगा, बाबांच्या पेट्यांचं तुम्हीच बघा, मला दुसरं कुणी नाही." म्हणून बघतोय. दर तिसऱ्या दिवशी वरच्या पुलावरून पलीकडं जातो. चौदा पेट्या आहेत, त्यातल्या तेरा ठीक. तुझ्या बापाचा, कबदेनचा हात होताच तसा. माझ्यापेक्षा बरा, हे मी तो असताना कधी म्हणालो नाही.

सातवीचं मात्र सांगायला हवं. अठरा जूनला मोहोळ उठलं ते तिच्यातूनच. जुनी राणी अर्ध्याअधिक माश्या घेऊन बाहेर पडली. मागं राहिलेल्यांनी नवी राणी वाढवली, पण ती नरांना भेटायला उडाली ती परत आलीच नाही. जुलैभर पाऊस, त्यात पाखरं टपलेली. काल एकेक चौकट उन्हात धरून बघितली. अंडं नाही की अळी नाही. पेटीवर बोटानं टकटक केली की चांगलं मोहोळ एकदा हुंकार देऊन गप्प होतं. हे गप्प होत नाही, रडत राहतं. तुला ठाऊक आहे, तू ह्यातच वाढलीस.

असं मोहोळ हिवाळा काढत नाही. त्याला राणी असलेलं दुसरं मोहोळ जोडावं लागेल. बघतो काय करता येतं ते.

त्याच्या चाळीसाव्या दिवसाच्या जेवणाला तू मला तो बुडाला त्या दिवसाबद्दल विचारलंस आणि मी टाळलं असं तुला वाटलं असेल. माणसं बसली होती. आता लिहितो. दुपारची वेळ होती. मी माझ्या काठावर, तो त्याच्या. बर्फ वितळून बुख्तारमा नदी फुगलेली. तो घोड्यावरून काहीतरी ओरडला, पाण्याच्या आवाजात कळलं नाही. मी हात हलवला. त्यानंही हलवला आणि खाली बेटाकडं निघाला. एवढंच.

माझी म्हातारी बातिमा सलाम सांगते. तुझ्यासाठी दह्याचे कुर्त वाळवून ठेवलेत.

झैनोल्ला


२२ ऑगस्ट

रौशान,

तुझं पत्र मिळालं. तू लिहितेस, "बाबांची हाक डोंगरावरच्या मेंढपाळाला ऐकू जायची, असं तुम्हीच सांगायचात. मग नदीपलीकडं तुम्हाला कशी ऐकू आली नाही?"

बरोबर आहे. ऐकू आली होती. मोहोळ दिसलं का असं विचारत होता. मी नाही म्हणालो. आपण नाही म्हणालो आणि माणूस पुढं शोधायला गेला, हे लिहायला जड गेलं, म्हणून पाण्याच्या आवाजावर ढकललं. तेवढं माफ कर.

आता पेट्यांचं. मध काढून झाला. तुझ्या वाटणीचे सहा डबे मनारबेककडं ठेवलेत. तो तुझा सख्खा काका, त्याच्याकडं असलेले बरे. प्रत्येक पेटीत हिवाळ्यापुरता राखून ठेवलाय, कमी पडला तर साखरेचा पाक देईन. माश्यांच्या अंगावरच्या तांबड्या गोचिडींसाठी औषधाच्या पट्ट्या लावल्या. सकाळी पेट्यांपुढच्या गवतात दव असतं आणि त्या दवात नर पडलेले असतात. सगळ्या पेट्यांनी ह्या आठवड्यात आपापले नर बाहेर काढले. पंखाला धरून ओढत आणतात आणि फळीवरून ढकलून देतात. फक्त सातवीनं काढले नाहीत. राणी नाही ना, अजून आशा धरून बसल्यात. उलट तिथल्या कामकरी माश्याच आता अंडी घालायला लागल्यात. त्या अंड्यांतून नुसते नर निघतात. जिवंत असूनही पेटी संपत चाललीय.

तिला माझ्याकडचं एक मोहोळ जोडायचं म्हणतोय. राणी चांगली आहे त्यात. पण अजून हात धजत नाही.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय. लिहितोच. परवा दुपारी मी काठाजवळ गवत कापत होतो. बातिमा ताक घेऊन आली आणि मागं उभी राहिली.

"कुणाशी बोलतोस?" तिनं विचारलं.

"कुणाशी नाही."

"मी दोनदा ऐकलं. 'इथंच आहे, इथंच आहे' म्हणालास. काय आहे इथं?"

"विळा. सापडत नव्हता."

"विळा हातात आहे तुझ्या."

 तेव्हापासून दुपारची वेळ झाली की मला घरामागचं काहीतरी काम सांगते, नदीकडं जाऊ देत नाही. मी जातोच. दुपार भरली की पलीकडून हाक येते. पोरी, मी म्हातारा झालोय, पण वेडा झालेलो नाही. पलीकडं कुणी नसतं हे मला दिसतं. तरी हाक येते. नावानं येते.

झैनोल्ला


१४ सप्टेंबर

रौशान,

तुझ्या दुसऱ्या पत्रात चारच ओळी आहेत. "सातवीला तुमच्याकडचं मोहोळ जोडणार म्हणता. चाळीसाव्याला बातिमा आपा सांगत होत्या की ह्या उन्हाळ्यात तुमच्याकडं एक मोहोळ आपणहून आलं. कुठून आलं, आगा? कधी आलं?"

ह्याला उत्तर म्हणून मी दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही चुलीत घातली. हे तिसरं. हे जाळणार नाही, कारण काल रात्री पहिलं दहिवर गोठलं आणि सातवीत आता तीनच चौकटींवर माश्या उरल्यात. त्यांना माझ्या लाजेसाठी थांबायला वेळ नाही.

ते मोहोळ तुझ्या बापाचं आहे. अठरा जूनला, त्याच दिवशी आलं.

सुरुवातीपासून सांगतो. सरकारी शेत मोडलं तेव्हा माश्यांच्या पेट्या आम्हा दोघांत वाटल्या. शाकिर म्हाताऱ्याच्या टोपीत चिठ्ठ्या टाकून. सातवी कबदेनला गेली. त्या पेटीतल्या राण्यांचा वंश मी अकरा वर्षं निवडून निवडून वाढवला होता. डंख न करणारा, आणि थंडीत कमी खाणारा. कबदेन तेव्हा हसून म्हणाला, "राणी तुझी, मध माझा, झालं?" मीही हसलो. सगळे हसले. आत काय झालं ते कुणाला दिसलं नाही. नंतर नंतर मलाही दिसेनासं झालं.

ह्या वर्षी जूनमध्ये मी त्याच्याकडं चहाला गेलो तेव्हा बघितलं, सातवीच्या तोंडाशी माश्या दाढीसारख्या लोंबत होत्या. दोनचार दिवसांत उठणार हे दोघांनाही कळलं. मी घरी आलो, एक रिकामी पेटी घेतली, तिला आतून जुनं मेण लावलं, वासाचा पाला चोळला आणि नदीच्या काठावर नेऊन ठेवली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मोहोळ आपणहून आलं असं बातिमाला वाटतं. आपणहून नाही आलं. मी बोलावलं.

अठराला दुपारच्या थोडं आधी ते नदीवरून आलं. आधी आवाज, मग धुराच्या दोरासारखी लांब रांग. सरळ माझ्या पेटीत शिरायला लागलं. मी गुडघ्यावर बसून बघत होतो. राणी फळीवरून चालत आत गेली. तिच्या पाठीवर लाल ठिपका होता.

त्या ठिपक्याचंही तुला सांगायला हवं. तू घर सोडून गेलीस तेव्हा खिडकीच्या फळीवर नखांच्या रंगाची एक बाटली राहिली होती. कबदेन सगळ्या राण्यांना त्याच बाटलीतला ठिपका लावायचा. रंग वाळला की दोन थेंब स्पिरिट घालायचा. तुम्हा दोघांचं बोलणं बंद होतं त्या चारही वर्षांत. मी एकदा म्हणालो, "दुकानात नवी मिळते की." तर म्हणाला, "हीच बरी." बास. तुझ्याविषयी तो तेवढंच बोलला. मी ते तुला चाळीसाव्याला सांगायला हवं होतं. पण ठिपक्याचं सांगितलं असतं तर राणीचंही सांगावं लागलं असतं.

मी पेटीचं दार लावलं, वर गवताची पेंढी टाकली आणि उठलो. तेवढ्यात तो पलीकडं आला.

"झैनोल्ला," तो ओरडला, "माझ्या पोरी तुझ्याकडं आल्या का रे?"

प्रत्येक शब्द ऐकू आला. पाणी मोठं होतं, तरी आला.

"नाही रे," मी म्हणालो. "खाली गेल्या. बेटावर, वाळुंजाच्या झाडीत."

"नक्की बघितलंस?"

"डोळ्यांनी बघितलं."

"मग बातिमाला चहा टाकायला सांग. परत येताना पुलावरून तुझ्याकडंच येतो."

पेटी माझ्या मागं दहा पावलांवर होती. मला वाटलं, जाईल, झाडीत शोधेल, शिव्या देत येईल. मग चहा पिता पिता मी सांगीन आणि दोघं हसू. असं मला वाटलं, किंवा असं वाटलं असं मी नंतर ठरवलं. खरंच सांगितलं असतं का? तीन महिने विचार करतोय, कळत नाही. कधी वाटतं, हो. कधी पेटीवरची ती गवताची पेंढी आठवते. गंमत करणारा माणूस पेंढी कशाला टाकेल?

मी आत जाऊन बातिमाला चहा टाकायला सांगितलं. दोन वाट्या काढून ठेवल्या.

नुसतं नाही म्हणालो असतो तरी तो शोधत कुठंतरी गेलाच असता. पण बेटाकडं गेला नसता. जूनमध्ये त्या पाण्यात कुणी घोडा घालत नाही. माझ्या शब्दावर त्यानं घातला.

आता तुला सगळं माहीत आहे. तू सांगशील ते करीन.

झैनोल्ला


२७ सप्टेंबर

रौशान,

तुझी तार वीस तारखेला आली. "शंभराव्याला सगळ्यांसमोर सांगा. मी येणार नाही. सातवी जोडा. रौशान." पोस्टातली बाई तार देताना माझ्या तोंडाकडं बघत होती. शंभरावा दिवस येईपर्यंत झैनोल्ला काहीतरी सांगणार आहे हे गावभर झालं होतं. काय सांगणार ते मात्र घरात बातिमालाही मी बोललो नव्हतो. तिनं विचारलं नाही. त्या दिवशी सकाळी माझी टोपी ब्रशनं साफ करून खुंटीला लावली, तेवढंच.

मनारबेककडं सगळे जमले. मुल्लानं पठण केलं. मांसाचं ताट आलं तेव्हा मी उठून उभा राहिलो.

शाकिर म्हातारा म्हणाला, "बस की रे. आधी खाऊन घे, मग बोल काय बोलायचंय ते."

"खाऊन बोललो तर तुमचं अन्न लबाडीनं खाल्लं असं होईल," मी म्हणालो.

मग सांगितलं. तुला लिहिलं तसंच, पेटीपासून चहाच्या वाट्यांपर्यंत. वेळ फार लागला नाही. तीन महिने अंगावर वागवलेली गोष्ट सांगायला चहा निवण्याइतकाही वेळ लागत नाही, ह्याचं मला तिथंच नवल वाटलं.

 ताटातल्या मांसावर चरबी गोठत होती. मग मनारबेकनं विचारलं. आवाज चढवला नाही.

"चहाला येतो म्हणाला होता ना?"

"हो."

"किती वाट बघितलीस?"

"अंधार पडेपर्यंत."

"घोडा आमच्याकडं संध्याकाळीच एकटा आला. आम्ही वरच्या अंगाला शोधत होतो, कारण तो कुठं गेला हे कुणालाच माहीत नव्हतं. तुला माहीत होतं. तू कधी बाहेर पडलास?"

"सकाळी."

"का?"

पोरी, हे तुलाही लिहिलं नव्हतं. तिथं उभा होतो म्हणून तोंडातून आलं. मी म्हणालो, "मला वाटलं त्याला कळलं. पेटी दिसली असेल, रागावून परस्पर घरी गेला असेल. त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं धाडस झालं नाही."

"म्हणजे तो पाण्यात होता आणि तू रुसवा निघायची वाट बघत होतास."

मी हो म्हणालो.

मनारबेक उठला, खुंटीवरची माझी टोपी आणली आणि माझ्या हातात दिली. मी निघालो. बातिमा बायकांत बसली होती, ती उठली नाही. संध्याकाळी घरी आली तेव्हा तिनं आधी चूल पेटवली, मग म्हणाली, "तीन महिने त्या पेटीतला मध मी तुझ्या चहात घालत होते. मला माहीत असतं तर बरं झालं असतं." तिनं तिचं अंथरूण स्वयंपाकघरात टाकलंय. बोलते. पण माझ्याकडं बघून नाही, चुलीकडं बघून.

दुसऱ्या दिवशी ते मोहोळ गाडीवर घालून पलीकडं नेलं आणि सातवीच्या जागेवर ठेवलं. त्याच्यावर एक वर्तमानपत्र पसरलं, त्याला खिळ्यानं चारदोन भोकं पाडली आणि वरच्या खोक्यात सातवीच्या उरलेल्या माश्या ठेवल्या. एकदम एकत्र केल्या तर एकमेकींना मारतात. कागद कुरतडेपर्यंत वास एक होतो. फार उशीर झालाय. हे काम ऑगस्टमध्ये व्हायला हवं होतं, आणि का झालं नाही ते आता सगळ्या गावाला माहीत आहे. झड लागलीय हे एक बरं. माश्या बाहेर पडत नाहीत, माझं अंगण विसरतील.

एक सांगतो. उन्हाळ्यातली माशी सहा आठवडे जगते. त्या दिवशी नदी ओलांडून आलेल्यांतली आता एकही उरलेली नाही. त्यांच्या जागी त्यांच्या लेकी आहेत. उरलीय फक्त राणी. काल शेवटची बघितली. ठिपका झिजलाय, पण आहे.

झैनोल्ला


१६ नोव्हेंबर

रौशान,

तुझं पत्र नाही. येईल असं धरूनही बसलो नव्हतो. पण पेट्या तुझ्या आहेत, तेव्हा हिशेब कळवायला हवा.

सातवीनं कागद पाच दिवसांत कुरतडला. तुकडे तोंडाशी आणून टाकले होते. मेलेल्या माश्या मोजक्याच होत्या. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऊन पडलं तेव्हा तिनंही आपले नर बाहेर काढले. मी त्या दिवशी तिथंच गवतात बराच वेळ बसलो. पाक तीन वेळा दिला. जड झालीय, हिवाळा काढेल. उंदरांसाठी सगळ्यांच्या तोंडांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकल्या.

हाक थांबली. शंभराव्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मला वाटलं होतं, थांबली की सुटलो. तसं झालं नाही. पहिल्या दिवशी दुपारी मी काठावर गेलो, थांबलो, आणि नुसती नदी वाहत होती. तोपर्यंत तो कसा का होईना, माझ्याशी बोलत होता. मी चार दिवस जात राहिलो. पाचव्या दिवशी बातिमा आली आणि म्हणाली, "चल. थंडी आहे." पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलली. अंथरूण अजून स्वयंपाकघरातच आहे.

आठ तारखेला पहिलं टिकाऊ बर्फ पडलं. पेट्या तळघरात न्यायची वेळ झाली. तुझ्या बापाचं तळघर आतून झाडलं, ओल बघितली, हवेची नळी मोकळी केली. पण पेटी एकट्यानं नेता येत नाही. वाकडी झाली, आपटली, तर आतला घोस फुटतो आणि माश्या थंडीत विखरून मरतात. दोन बाजूंना दोन माणसं लागतात, आणि पावलं जुळवून चालावं लागतं. मी तिघांना विचारलं. एकाची पाठ दुखत होती, एकाच्या गाईला वासरू होणार होतं. शाकिर म्हाताऱ्याच्या मुलानं काही कारणही दिलं नाही. त्याचं मला बरं वाटलं.

बातिमाला घेऊन गेलो. तिचे गुडघे तुला माहीत आहेत. पहिली पेटी आम्ही वीस पावलं नेली आणि बर्फावर टेकवली. तिला धाप लागली होती. मी म्हणालो, "राहू दे, स्लेजवर बांधून ओढतो." ती म्हणाली, "ओढशील आणि आपटशील."

तेव्हा मनारबेक फाटकातून आत आला. कुणी सांगितलं ठाऊक नाही. सलाम नाही की काही नाही. बातिमाला हातानं बाजूला केलं, वाकला आणि पेटीची दुसरी बाजू धरली. मी माझी बाजू धरली. उचलली.

आम्ही चौदाही पेट्या नेल्या. तो पुढं, मी मागं. पायऱ्यांवर तो उलटा उतरायचा, म्हणजे त्याचं तोंड माझ्याकडं असायचं, आणि तो पेटीच्या झाकणाकडं बघायचा. कबदेनचेच डोळे आहेत त्याला, हे मला आजवर दिसलं नव्हतं. दोनदा मी काही बोलायला गेलो. पहिल्यांदा तो थांबला नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, "पाऊल बघ."

सातवी शेवटी नेली. सगळ्यांत जड तीच होती. खाली ठेवल्यावर मी सवयीनं बोटानं टकटक करून कान लावला. आतून एकच हुंकार आला आणि गप्प झाला. मनारबेक दारात उभा होता. मी बाजूला झालो. तो आला, टोपी काढली, झाकणावर कान टेकला आणि बराच वेळ तसाच वाकून राहिला. मी भिंतीकडं बघत होतो.

बाहेर आल्यावर त्यानं दाराला पेंढा लावायला मदत केली, हात झटकले, आणि जाता जाता पाठमोराच म्हणाला, "एप्रिलमध्ये बाहेर काढायलाही दोघं लागतील."

येईन असं तो म्हणाला नाही. जे म्हणाला तेवढंच मी तुला लिहितोय.

झैनोल्ला